मैदासाहेबांचा साधा पाव

माझा धाकटा भाऊ रागावत नाही, हा त्याच्यातला सगळ्यात मोठा दोष. त्याच्या वाटणीचं रागावणं आयुष्यभर मलाच करावं लागलं आहे, आणि ते मी मनापासून केलं आहे. लहानपणी कुणी त्याच्या गोट्या ढापल्या की भांडायला मी जायचे आणि हा मागे उभा राहून "जाऊ दे ना ताई" म्हणत माझा फ्रॉक ओढायचा. आता माझे गुडघे कुरकुरतात, त्याचे कल्ले पांढरे झालेत, तरी आमची ही वाटणी बदललेली नाही. त्यामुळे त्याच्याबद्दल सांगताना मध्येच माझा आवाज चढला तर समजून घ्या.

तो पाव भाजायचा. चौकातल्या बेकरीत पुढे गल्ल्यावर मी आणि मागे भट्टीवर तो, अशी आम्हा भावंडांची बरीच वर्षं गेली. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो तिथे होता. आधी पिठाची पोती उचलायची, मग पाव भाजायचे पत्रे घासायचे, मग मळायला शिकायचं आणि सगळ्यात शेवटी भट्टीच्या तोंडाशी उभं राहायला मिळायचं, अशी तिथली रीत. म्हाताऱ्या भट्टीवाल्याने याला तयार केलं आणि स्वतः स्टुलावर बसून चुका काढायला मोकळा झाला. दुपारी हा पुढे यायचा तेव्हा भुवयांत पीठ, कानांच्या पाळ्यांत पीठ, फक्त डोळे काय ते काळे. त्यावरून सगळे त्याला मैदासाहेब म्हणायला लागले. गिऱ्हाइकंसुद्धा विचारायची, "मैदासाहेबांनी आज काय काढलंय?"

काम करताना त्याच्याकडे बघत राहावं असं वाटायचं. एका हाताने फुगलेला गोळा पत्र्यावर नीट करायचा, दुसऱ्या हाताने शेजारच्या वाटीतल्या फेटलेल्या अंड्यात कुंचला बुडवून त्याच्यावरून फिरवायचा, लांब दांड्याच्या फळीवर घेऊन पाव आत सारायचा, आणि हे सगळं मालकाशी गप्पा मारत. भाजलेला पाव उलटा करून बुडावर टकटक करायचा, आवाज पोकळ आला की झाला. हे सगळं न बघता कसं जमतं, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाला, "मी कुठे करतो? हात करतात. मी नुसता उभा असतो."

लग्न उशिरा झालं, मुलगी त्याहून उशिरा. भावजय विम्याच्या कचेरीत कामाला. नेटकी बाई, चपलासुद्धा रांगेत काढून ठेवणारी. ती वाईट नाही हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्यावर थोडी चिडणार आहे. मुलीला दात आले तशी ती बेकरीच्या मागच्या खोलीत रिकाम्या पिठाच्या टबात बसून पावाची कड दोन्ही हातांत धरून कुरतडायची. तिच्या बापाने तिचं नाव खारूताई ठेवलं आणि तेच चिकटलं. खारूताई कच्चं पीठ चाटायची, पाव खायची, पहिल्या वाढदिवसाला बापाने केलेल्या अंड्याच्या केकमध्ये तिने कोपरापर्यंत हात घातले होते. पोटात दुखलं नाही, की उलटी नाही, की काही नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून सांगते.

त्रास होता तो कातडीचा. कोपराच्या आत, गुडघ्यामागे, मानेवर खरखरीत लाल चट्टे उठायचे आणि पोर झोपेतही खाजवत राहायची. पांघरुणावर रक्ताचे ठिपके पडायचे. नाना मलमं झाली, नाना साबण झाले. भावजय अगदी जेरीला आली होती. लेकरू खाजवतंय आणि आपल्याला काही करता येत नाही, यात आई कशी वाळत जाते ते मी बघत होते.

अशातच तिच्या कचेरीतल्या कुणीतरी सांगितलं, रस्त्याच्या टोकाला नवी लॅब आलीय, एकदा रक्त दिलं की कशाकशाची अ‍ॅलर्जी आहे ते सगळं कळतं. बुडत्या माणसाला अशा वेळी काय सुचणार? गेली मुलीला घेऊन. निकाल आला त्यात गव्हापुढे लाल खूण, अंड्यापुढे लाल खूण, शेंगदाण्यापुढे, सोयाबीनपुढे आणि आणखी कशाकशापुढे. तो घेऊन ती नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. बाहेर खोकणाऱ्या पोरांची रांग, आत डॉक्टर सकाळपासून बसून थकलेले. त्यांनी निकालावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "एवढं सगळं आहे तर बंदच करा." सोबत एक नवीन मलम दिलं.

त्या मलमाने चट्टे बरेच कमी झाले. पण त्याच आठवड्यात गहू आणि अंडं बंद झालं होतं, त्यामुळे सगळं श्रेय त्यांच्याकडे गेलं. बिचारं मलम राहिलं बाजूला. घरातून पाव गेला, बिस्किटं गेली, केक गेला. आणि मग प्रश्न आला मैदासाहेबांचा, कारण हा माणूस नखशिखांत गव्हाचा.

आधी ठरलं की त्याने बेकरीतच अंघोळ करून, कपडे बदलून घरी यायचं. मग ठरलं की घरी आल्यावर परत अंघोळ करायची. तोवर मुलीने उंबऱ्याच्या आत उभं राहायचं आणि याने बाहेरून हात हलवायचा. बाप दिसला की ती धावायची आणि मागून आईचा आवाज यायचा, "थांब." नंतर नंतर ती सांगायच्या आधीच थांबायला शिकली. तोंडातून ब्र न काढता हा सगळं करत होता. एक दिवस अंघोळ-बिंघोळ सगळं करून त्याने तिला उचललं आणि तिचा गाल लाल झाला. त्याने नवा लोकरीचा गळपट्टा घातला होता, त्याने घासलं असेल, की थंडीने झालं असेल, कोण जाणे. पण भावजय पांढरीफटक पडली, आणि तिला तसं बघून हा.

पुढच्याच आठवड्यात त्याने भट्टी सोडली.

मी तेव्हा आकाशपाताळ एक केलं. म्हटलं, "अरे, तुझ्या अंगात दुसरी कुठली कला आहे? तुला धड खिळा ठोकता येत नाही." तो म्हणाला, "पाव काय ताई, कुणीही भाजेल. तिला उचलून घ्यायला दुसरा बाप कुठून आणू?" मालकाने दुसरा भट्टीवाला ठेवला. हा स्टेशनमागच्या पार्सलच्या गोदामात लागला. खोक्यांवर चिकटपट्टी मारायची, थप्प्या लावायच्या, गाडी आली की भरायच्या. गोदामात कसलाच वास येत नाही, असं तो पहिल्या दिवशी आल्यावर म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे, नवल म्हणून.

आणि खरं सांगायचं तर तो सुखी होता. संध्याकाळी तो आला की खारूताई धावत सुटायची, आणि आता तिला कुणी थांबवायचं नाही. ती थेट त्याच्या खांद्यावर चढायची आणि तिथूनच घरभर हुकूम सोडायची. जेवायची त्याच्याच हातून. बटाटा, भात, मक्याची भाकरी, जे काय तिला चालायचं म्हणून ठरलं होतं ते सगळं बापाने भरवायचं. आई भरवायला आली की मान फिरवायची. भावजय मला म्हणायची, "बघा ताई, नऊ महिने मी वागवलं आणि पोर यांची." ते बोलताना ती हसायची, त्यामुळे मीही हसायचे.

पण पोर कशी वाढत होती तेही सांगायला हवं. हाडं मोजून घ्यावीत अशी. वाढदिवसाला गेली की आपला डबा घेऊन कोपऱ्यात बसायची. वाचायला शिकली ती गोष्टीच्या पुस्तकावर नव्हे, खाऊच्या पाकिटामागच्या बारीक अक्षरांवर. कुणी काही पुढे केलं की मोठ्या माणसासारखी सांगायची, "नको, मला चालत नाही." अशा आवाजात सांगायची की पुढे करणाऱ्यालाच ओशाळं व्हावं. बेकरीवरून जाताना नाकावर रुमाल धरायची. तो रुमाल तिला कुणी धरायला सांगितला नव्हता.

ती आठ वर्षांची झाली तेव्हा शाळेने सांगितलं, हिचं नीट तपासून आणा, आम्हाला नक्की कळू द्या. म्हणून आईबाप तिला घेऊन मुलांच्या मोठ्या इस्पितळात गेले, तिथे फक्त अ‍ॅलर्जीच बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस कसेतरी बांधलेले. त्यांनी लॅबचा जुना निकाल बाजूला ठेवला आणि विचारलं, "पाव खाल्ल्यावर किती वेळात काय व्हायचं?"

तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो.

"ओठ सुजायचे? अंगावर गांधी उठायच्या? उलटी, खोकला, काही?"

"तसं काही कधी नाही झालं," भाऊ म्हणाला. "खाज यायची. पण ती न खातासुद्धा यायची."

"आणि अंडं?"

"केक खायची की. काही नाही झालं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते मला इतकं लख्ख समजलं की मला घाम फुटला. रक्तात खूण दिसली म्हणजे शरीराला त्या पदार्थाची ओळख झाली आहे, एवढंच. ओळख म्हणजे भांडण नव्हे. अशी खाजरी कातडी असलेल्या पुष्कळ मुलांच्या रक्तात डझनभर खुणा सापडतात आणि ती मुलं ते सगळं मजेत खात असतात. म्हणून आधी विचारायचं असतं, खाल्ल्यावर काय झालं, आणि ज्याचा संशय येईल तेवढंच तपासायचं असतं. "खरं उत्तर खाऊन बघण्यात असतं," त्या म्हणाल्या. "पण घरी नाही. इथे, आमच्या समोर, कणाकणाने."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एक प्रश्न. इतक्या वर्षांत एक प्रश्न कुणी विचारला नाही. मी तोंड उघडणार होते, पण भावजयीकडे लक्ष गेलं. ती मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, बोट निळं पडेपर्यंत.

त्यांनी मुलीच्या हातावर थेंब ठेवून बारीक सुईने टोचून पाहिलं. खाजेचं औषध काही दिवस आधी बंद ठेवायला सांगितलंच होतं. गव्हाच्या जागी किंचित फुगलं. अंड्याच्या जागी मात्र चांगलीच गांध आली, भोवती लाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंड्याचं आपण नंतर बघू, तोवर अजिबात नको. आधी गहू. साधा पाव लागेल."

माझा भाऊ खुर्चीत पुढे सरकला. "मी भाजून आणला तर चालेल?"

"तुम्ही?"

"हे पूर्वी तेच करायचे," भावजय म्हणाली.

"मग उत्तमच. पण फक्त पीठ, पाणी, मीठ आणि खमीर. दुसरं काही नको."

परतीच्या वाटेवर त्याची पावलं बघूनच कळत होतं. मुलीला गहू चालला तर त्याला भट्टी परत मिळणार होती. मुख्य म्हणजे आपल्या हातचा पाव आपल्या मुलीला खाऊ घालायला मिळणार होता, त्याला एवढंच हवं होतं. मला त्याचा कधी इतका हेवा वाटला नव्हता आणि कधी इतकी भीतीही वाटली नव्हती.

इस्पितळात पाव न्यायच्या आदल्या दिवशी दुपारची भट्टी उरकल्यावर मालकाने जागा मोकळी करून दिली. माझ्या भावाने आधी सगळं धुऊन काढलं. लाकडी टेबल खरवडून धुतलं, पत्रा घासला, पिठाचं नवं पोतं उघडलं, हात इतके धुतले की मालक म्हणाला, "साहेब, कातडी शिल्लक ठेवा." मी पुढे होते. शाळा सुटायची वेळ, दुकानात ही गर्दी, मला मागे डोकावायला फुरसत नव्हती. फक्त शीळ ऐकू येत होती. बरीच वर्षं ती शीळ मी ऐकली नव्हती. तो कोऱ्या फडक्यात पाव घेऊन बाहेर आला, फडकं बाजूला करून मला दाखवला. काय रंग आला होता. तांबूस, लकाकणारा. मी म्हटलं, "विसरला नाहीस." तो म्हणाला, "हात कसे विसरतील?"

इस्पितळातली खोली छोटी होती, पलंगाला कठडे, भिंतीवर रंगीत मासे. परिचारिकेने विचारलं, पावात काय काय आहे? याने सांगितलं, पीठ, पाणी, मीठ, खमीर. खोटं काहीच नव्हतं. तिने आतला गर चिमटीएवढा काढून दिला. खारूताईने ओठ घट्ट मिटले. तिचं चूक नव्हतं. इतकी वर्षं तिला सांगितलं होतं की हे विष आहे, आणि आज सगळे म्हणत होते की खा. भावजय बोलली, मी बोलले, परिचारिका बोलली, ती ढिम्म. मग बाप पलंगावर चढून तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "मी केलाय ना. माझ्या हातचं तुला कधी काही झालंय?" तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तोंड उघडलं.

काही झालं नाही. वाट पाहिली, तपासलं, थोडा मोठा तुकडा दिला. काही झालं नाही. मग आणखी मोठा. पोर पत्ते खेळायला लागली, बापाची पानं चोरायला लागली. माझा जीव भांड्यात पडत चालला होता. भावजय खिडकीशी उभी राहून डोळे पुसत होती. पुढच्या वेळी परिचारिका गर काढायला लागली तेव्हा भाऊ म्हणाला, "कड देऊ का? तिला लहानपणी कड आवडायची." ती म्हणाली, द्या. त्याने स्वतःच्या हाताने कड मोडून तिला भरवली.

तिने चावली, गिळली, आणि हसून म्हणाली, "हे छान आहे." मग ती ओठ खाजवायला लागली. मग मान. मग खोकला सुरू झाला, कोरडा, थांबेना. डोळ्यांखाली फुगलं, अंगावर गांधी उठल्या, तिने उलटी केली आणि बापाचा शर्ट मुठीत धरून त्याच्याकडे बघत राहिली. तिला श्वास घ्यायला जड जात होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती. डॉक्टरीणबाई आल्या, मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. हळूहळू खोकला उतरला, श्वास मोकळा झाला. ती वाचणार हे सगळ्यांना कळलं, पण माझ्या भावाने शर्टावरची तिची मूठ सोडवली नाही. ती झोपली तेव्हा मूठ आपोआप सुटली.

मग डॉक्टरीणबाईंनी तो पाव हातात घेतला, उजेडाकडे फिरवला. "गर खाल्ला तोवर काहीच नव्हतं," त्या म्हणाल्या. "वर काय लावलं होतं?"

"काही नाही," भाऊ म्हणाला. आणि मग त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

भट्टीच्या तोंडाशी फेटलेल्या अंड्याची वाटी होती. नव्या भट्टीवाल्याची, त्याच जागी, त्यात कुंचला. टेबल धुतलं, पत्रा घासला, पोतं नवं काढलं, पण पाव आत सारायच्या आधी हात गेला तो गेलाच. जन्मभर जसा जात होता तसा. त्याला आठवतसुद्धा नव्हतं. पावाची लकाकी बघून मागून कळलं.

डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, वरची चमक मलाच आधी दिसायला हवी होती. मग म्हणाल्या, म्हणजे हे अंड्याचं दिसतंय, गव्हाचं नसावं, ते आपण परत बघू. भावजयीने तेव्हा पहिल्यांदा विचारलं, "पण अंडं तर ती खायची. पहिल्या वाढदिवसाला खाल्लं होतं. तेव्हा कसं नाही झालं?"

"अशा मुलांत कधी कधी होतं," त्या सावकाश म्हणाल्या. "जे अंगवळणी पडलेलं असतं, ते बरीच वर्षं बंद ठेवलं की शरीर ते परकं मानायला लागतं. हिचं तसंच झालं का, ते मी सांगू शकत नाही. कुणीच नाही सांगू शकणार."

भावजयीने मान हलवली. तिला जे ऐकायचं नव्हतं ते तिने ऐकलं होतं. मी तिच्यावर चिडणार असं म्हटलं होतं ना, ते राहूनच गेलं. मी तिला जवळ घेतलं, एवढंच. लग्न होऊन आल्यापासून मी तिला पहिल्यांदाच जवळ घेत होते.

मुलगी घरी आली. आठवडाभरात अंगावर खूणही उरली नाही. पण बापाने भाताचा घास पुढे केला, तर ती मागे सरकली. त्याने पाण्याचा पेला दिला, तर तो तसाच ठेवला आणि उठून स्वतः दुसरा भरून घेतला. चिडून नव्हे हो. तिला चिडणं ठाऊकच नाही, त्या बाबतीत बापावर गेलीय. ती त्याच्याशी बोलायची, शाळेतलं सांगायची, अभ्यासाला त्याच्या शेजारी बसायची. पण खायची वेळ आली की तिचे डोळे त्याच्या हातांवर असायचे. आणि एक दिवस तिने फार समजूतदारपणे सांगितलं, "बाबा, तू नको ना देऊस. तू दिलंस की मला खोकला आठवतो."

"बरं," तो म्हणाला. "आई देईल."

गव्हाची परीक्षा पुन्हा झाली. पाव इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला, भरवायला आई, बाप खालच्या मजल्यावर बाकावर. मी दोघांच्या मध्ये जिन्यावरून खाली-वर. पोरीने पूर्ण पाव खाल्ला आणि तिला काहीही झालं नाही. शेंगदाणे आणि सोयाबीन मागाहून तिने तसंच पचवलं. म्हणजे गव्हाचं कधीच काही नव्हतं. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला ते फुकट, भट्टी सोडली ती फुकट. मी धापा टाकत खाली येऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अरे वा." खरंच आनंदाने म्हणाला. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि रडावंसंही वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आता पाव बंद करायचा नाही. आठवड्यातून बऱ्याचदा पोटात जायलाच हवा, नाहीतर अंड्याचं झालं तसं व्हायची भीती. अंडं मात्र सध्या वर्ज्य, आणि इंजेक्शन कायम जवळ.

मालकाने निरोप धाडला, नवा भट्टीवाला सोडून चाललाय, साहेबांना म्हणावं जागा तुमचीच आहे. मी तो निरोप नाचत नाचत नेला. तो गोदामाच्या दारात खोक्यावर बसला होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नको."

"का रे? आता कसली आडकाठी आहे?"

"माझा हात मला न विचारता जातो, ताई."

"मग बघून करत जा. सगळं जग बघून काम करतं."

"बघूनच करत होतो की त्या दिवशी. तिच्यासाठीच करत होतो. त्या दिवसाइतकं लक्ष मी आयुष्यात कधी दिलं नव्हतं." मग त्याने चिकटपट्टीचं टोक शोधायला सुरुवात केली. ते सापडायला त्याला फार वेळ लागला आणि मी तोवर बसून राहिले.

आता सकाळी बेकरी उघडायच्या आधी मीच त्यांच्याकडे पाव पोचवते. बिनअंड्याचा वेगळा पाव काढायची मालकाने सोय केलीय, वाटी-कुंचला त्या टेबलापासून लांब. मी जिना चढून जाते तेव्हा माझा भाऊ दाराबाहेर असतो. बूट घातलेले, गोदामाची पिशवी खांद्याला, कठड्याला टेकून उभा. पहिल्यांदा मला वाटलं, निघालाय. दुसऱ्यांदाही तसंच वाटलं. मग एकदा मी पाव आत देऊन बाहेर आले, तरी तो तिथेच.

"जात का नाहीस? गाडी चुकेल," मी म्हटलं.

त्याने ओठांवर बोट ठेवलं. आतून ताटलीचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग खारूताईने आईला विचारलं, "बाबा गेला?"

"गेला," भावजय म्हणाली.

तो माझ्याकडे बघून हसला, आणि आतल्यांना चाहूलही लागू नये इतक्या हलक्या आवाजात म्हणाला, "आता खाईल ती."